उत्तरपत्रिकेवरचा शिक्का

चाकूरच्या तहसील कार्यालयाच्या आवारात, नोटीस बोर्डापासून सात पावलांवर, पत्र्याच्या सावलीत माझे टेबल आहे. गेली सत्तावीस वर्षे त्या टेबलावर बसून मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. वारसनोंदीचे, बांध कोरल्याचे, रेशन कार्डातून सासू वगळण्याचे आणि दोन महिन्यांनी तीच सासू पुन्हा समाविष्ट करण्याचे. तालुक्यात असे घर विरळा, ज्याचे गाऱ्हाणे एकदा तरी माझ्या अक्षरात साहेबांपुढे गेलेले नाही. हे मी बढाई म्हणून नमूद करीत नाही. पुढील हकिकत समजण्यासाठी ते आवश्यक आहे म्हणून करतो. बढाई म्हणून करायचे असते तर आणखी बरेच होते.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याने मान हलवली की त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. त्याखाली ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ असे लिहायचे आणि सर्वांत शेवटी ‘लिहिणार’ म्हणून स्वतःचे पूर्ण नाव, परवाना क्रमांक व शिक्का. ज्या वृद्ध अर्जनवीसांच्या हाताखाली मी शिकलो, ते उर्दू शाळेत शिकलेले, काळी टोपी घालणारे गृहस्थ होते आणि मला ‘मुन्शी’ म्हणत. ते म्हणायचे, “मुन्शी, लिहिनाराचं नाव नसलेला कागद बेवारस, बरं का. त्याला कोनी बी उचलावं आन् कोनी बी फाडावं.” हे वाक्य माझ्या हातात इतके भिनले की हात आता माझी परवानगी घेत नाही. एकदा शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून दिला, तेव्हाही खाली शिक्का पडला. छापखानेवाल्याने विचार न करता तोही छापला. ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ याच्या खाली माझा परवाना क्रमांक घेऊन ती पत्रिका उदगीरपर्यंत गेली. व्याह्यांनी विचारले म्हणे, की लग्न कोर्टात आहे का.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले. त्यांनी आवारातील सगळ्या बैठकवाल्यांची कागदपत्रे मागवली आणि नोटीस बोर्डावर आदेश लावला, की पुढील जूनअखेर जो दहावी उत्तीर्ण असल्याचा दाखला देणार नाही, त्याचा परवाना नूतनीकरण होणार नाही व जागा रिकामी करण्यात येईल. माझे शिक्षण नववी पास. ही गोष्ट कोणी कधी विचारली नव्हती आणि मीही आपण होऊन सांगण्याचा आगाऊपणा केला नव्हता. आदेशाचे मराठी फारच कच्चे होते. एका वाक्यात कर्ता दोनदा आला होता आणि क्रियापद एकदाही नाही. मी तो आदेश दुरुस्त करून साहेबांकडे देण्याच्या विचारात होतो. पण त्यात माझीच जागा जात असल्याने तो विचार सोडला.

बाकीच्या विषयांचे मी पाहून घेतले असते. अडचण इंग्रजीची होती.

इंग्रजी आणि माझे वैर निलंग्यापासूनचे. तिथल्या शाळेत आमचे इंग्रजीचे मास्तर कर्नाटकातून आलेले होते. ते प्रत्येक शब्दाला शेवटी एक उकार जोडत. बुक्कु, पेन्नु, टेबल्लु. आम्हीही तसेच म्हणू लागलो. मग तपासणीला आलेल्या साहेबांनी मला उभे करून खिडकीकडे बोट दाखवले, तेव्हा मी ठणठणीत आवाजात ‘विंडोवु’ म्हणालो. साहेब हसले, मास्तरांचा अपमान झाला, आणि मास्तरांनी तो अपमान माझ्या तळहातावर जसाच्या तसा उतरवून दिला. त्यानंतर दहावीच्या पहिल्याच इंग्रजी चाचणीनंतर मी शाळा सोडली. घरी सांगितले, की शाळेत शिकवण्यासारखे आता काही उरले नाही.

सबब, वयाच्या पन्नाशीला टेकलेला मी, बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, दर रविवारी सकाळी लातूरला इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागलो. वर्ग एका मोठ्या कोचिंगच्या इमारतीत भरे. भिंतीवर डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींचे फोटो आणि त्याखाली आम्ही. आमची मुलगी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आहे. तिने फोनवर सांगितले, “बाबा, रोज पाच शब्द पाठ करायचे.” दहा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी तिला सांगत असे, पण त्यात ‘नाहीतर’ हा शब्द होता. माझ्या वाढदिवसाला तिने नांदेडहून एक पेन करून आणले. एका टोकाला निब आणि दुसऱ्या टोकाला टोपण काढले की माझ्या नावाचा व परवान्याचा शिक्का. “आता शाईचा डबा घेऊन फिरू नका,” ती म्हणाली. इतकी शहाणी भेट मला आजवर कोणी दिलेली नाही, आणि इतकी महागात पडलेलीही नाही.

वर्गात आम्ही अकरा जण. त्यांतील दोघांशिवाय या हकिकतीला कोणाची गरज नाही. एक, चाकूर ते लातूर काळी-पिवळी जीप चालवणारा, ज्याला एसटीत ड्रायव्हर व्हायचे होते. दुसरी, एका खेड्यातल्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. तिच्या गावात आशा ताईची जागा निघणार होती आणि तिला दहावीची अट होती. शिकवायला एक मॅडम, वयाने माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्या मला ‘काका’ म्हणत. मी पहिल्याच दिवशी सांगितले, की तालुक्यात मला ‘रायटर साहेब’ म्हणतात. त्या म्हणाल्या, “बरं काका.”

इंग्रजीबद्दल माझे मत वर्गातही मी लपवले नाही. ही भाषा एखाद्या जुन्या सातबाऱ्यासारखी आहे. कागदावर नाव एकाचे, ताबा दुसऱ्याचा. लिहायचे एक आणि बोलायचे भलतेच. ज्या दिवशी मॅडमनी फळ्यावर ‘नाइफ’ लिहिले, त्या दिवशी सुरुवातीचा ‘के’ पाहून मी हरकत नोंदवली, की या इसमाचा येथे संबंध काय?

“तो सायलेंट आहे काका. लिहायचा, पण म्हणायचा नाही.”

“मग लिहायचा कशाला?”

जीपवाला मागून म्हणाला, “मी सांगतो मॅडम. ह्यो के म्हंजे फौजदाराचा मेव्हणा. सगळ्यात पुढच्या शिटावर बसनार, भाडं देनार न्हाई, आन् तोंडातून शबूद काढनार न्हाई. पर त्याला उतरवून बघा बरं!”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खडू खाली ठेवावा लागला. मग त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट केली, तीत लिहिले ‘मेव्हणा’, आणि त्याखाली नाइफ, नी, नो, नॉक असे चार मेव्हणे बसवले. तेव्हापासून ती रीतच पडली. धडा मॅडमनी शिकवायचा, अर्थ वर्गाने लावायचा, आणि ज्याचा अर्थ सर्वांत वाह्यात तो चौकटीत जायचा.

खिचडीवाल्या बाईचे सगळे अर्थ स्वयंपाकघरातले किंवा सोयरिकीतले असत. ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ होतो हे ऐकून ती वहीवरून मान वर करून म्हणाली, “का वो मॅडम? लगीन झालं का तिचं?”

“म्हणजे?”

“न्हाई, माहेरचं एक बी अक्षर ठेवलं न्हाई म्हनून विचारलं. माझं बी तसंच केलंय. नाव बदललं, आडनाव बदललं. गावात गेलं की आई वळकती तेवढंच.”

त्यावर वर्ग हसला, पण मॅडम थोड्या उशिरा हसल्या. चौकटीत त्यांनी ‘लग्न झालेली क्रियापदे’ असे लिहिले. ज्यांचे रूप थोडेच बदलते, त्या ‘घरजावयाकडे दिलेल्या’. मी त्या चौकटीची नक्कल करून घेतली, पण मनात तिला पोरकटपणाच समजत होतो. शासनाच्या नियमावलीत अशी उदाहरणे नसतात.

माझा स्वतःचा वाटाही मोठा होता. ‘यू’ एकटा असला तरी त्याला ‘आर’ का, यावर वर्गात गोंधळ झाला, तेव्हा मीच निकाल दिला, की इंग्रज लोक सरसकट अहो-जाहो करतात, मग समोर कलेक्टर असो की कुत्रे. जीपवाला म्हणाला, “म्हंजे ‘अहो कुत्रे, इकडं या’?” मी म्हणालो, “अगदी तसेच. शिस्त म्हणजे शिस्त.” तेही चौकटीत गेले. आणि पॅसिव्ह व्हॉइस आला, तेव्हा मॅडमना शिकवण्याचे श्रमच पडले नाहीत. ‘कारवाई करण्यात येईल’, ‘दखल घेण्यात आली आहे’, ‘आपणास कळविण्यात येते’. सत्तावीस वर्षे मी या प्रयोगात जगलो होतो. मॅडम म्हणाल्या, “बघा, यात काम करणारा कोण हे सांगायची गरजच नाही.”

“मला वाटलं काम होनार बी न्हाई,” जीपवाला म्हणाला. “आमच्या रस्त्याचं काम पाच वर्सं झालं ‘करन्यात येऊन राहिलंय’.”

अशा रीतीने हिवाळा गेला. फेब्रुवारीत मॅडमनी पत्रलेखन घेतले. हा माझा प्रांत. मी दाखवायला लिहिलेले पहिलेच पत्र तीन पानांचे झाले. विषय: मामाला, सहलीचे वर्णन. मॅडमनी ते वाचले आणि विचारले, “काका, यात तुम्ही मामाला ‘मे युअर ऑनर बी प्लीज्ड’ का म्हटलंय?”

“मोठे आहेत.”

“आणि खाली ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ कुणाला?”

“मामींना.”

त्यांनी डोळे मिटले. “हे बघा, पत्राच्या शेवटी प्रश्नात दिलेलं नाव लिहायचं. दुसरं कोणतंही नाव नाही, गाव नाही, खूण नाही. स्वतःचं नाव पेपरात लिहिलं तर ती कॉपी धरतात. सगळा निकाल अडकतो.” आणि मग माझ्याकडे पाहून पुन्हा, “काका, ऐकलं का?” मला जरा राग आला. कागद लिहिण्याचे नियम मला सांगायचे!

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी, सातव्या क्रमांकाच्या बाकावर बसून मी प्रश्नपत्रिका उघडली आणि पहिले दोन प्रश्न धापा टाकत सोडवले. मग पत्राचा प्रश्न आला. एका नगरातील एक मुलगी, तिच्या वस्तीतील रस्त्याचे दिवे कित्येक आठवडे बंद, तिने नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांना तक्रार अर्ज लिहायचा आहे. मुलीचे नाव दिलेले होते. वाचता वाचता मला ती मुलगी दिसू लागली. माझ्या टेबलासमोर उभी आहे, हातात पिशवी, सोबत म्हातारी आजी, दोघी नोटीस बोर्डाजवळ घुटमळून शेवटी माझ्याकडे आलेल्या. अशा कित्येक मी पाहिल्या आहेत. मी हॉल विसरलो. मी म्हणालो (मनात), ‘बस बाई, लिहून देतो.’ आणि मी लिहिले. दिवे किती, कुठले, कोण पडले, कोणाचा पाय मुरगळला. मोडके का होईना, पण त्या इंग्रजीत जीव होता. असा अर्ज त्या काल्पनिक नगरपरिषदेला पूर्वी कधी गेला नसेल.

शेवटी त्या मुलीचे नाव टाकले. त्याखाली हाताने लिहिले, ‘रेड ओव्हर टू द पार्टी. पार्टी सेज करेक्ट.’ त्याखाली माझे नाव. मग पेन उलटे झाले, टोपण निघाले आणि टक्.

शांत हॉलमध्ये तो आवाज बराच मोठा आला. पर्यवेक्षक बाई जवळ आल्या.

“काका, काय केलं तुम्ही?”

“शिक्का मारला.”

“कशाला?”

“मग तसाच बिनशिक्क्याचा जाऊ देऊ?” मी म्हणालो. आणि मग, तो शब्द तोंडातून निघाल्यावर, मी कुठे बसलो आहे ते मला समजले. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकले. पुढच्या रांगेत खिचडीवाली बाई मागे न वळता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “अगं बया.”

पर्यवेक्षक बाईंनी उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिला, केंद्रप्रमुखांना बोलावले, शिक्क्याचे पेन पाकिटात बंद करून ठेवून घेतले. उरलेले प्रश्न मी दुसऱ्याचे पेन मागून सोडवले. काय लिहिले ते आठवत नाही. फक्त एक आठवते, की सायलेंट अक्षरे ओळखा असा प्रश्न होता आणि मला त्या कागदावर फौजदाराचे चार मेव्हणे बसलेले स्वच्छ दिसले.

एप्रिलअखेरीस परीक्षा मंडळाची नोटीस आली. उत्तरपत्रिकेत ओळख उघड केल्याबद्दल खुलासा घेऊन सुनावणीस हजर राहावे, अन्यथा संपूर्ण निकाल रद्द करण्यात येईल. निकाल गेला तर जूनची मुदत गेली, मुदत गेली तर पत्रा गेला. समोर लॅपटॉप मांडून बसणाऱ्या पदवीधराने माझ्या टेबलाची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजायला सुरुवात केलीच होती. घरी मंडळी एवढेच म्हणाल्या, “तुमचा शिक्का तुमच्याच कपाळावर बसला बगा.”

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “काका, एक पान. चूक झाली, सवयीने झाली, माफ करा. बस्स.”

एक पान! माझ्या हयातीतला सर्वांत महत्त्वाचा अर्ज आणि एक पान. मी टेबलावर बसून पाच पानी खुलासा तयार केला. गंमत अशी, की लिहिताना हात अडत होता. हजारो लोकांसाठी मी ‘अर्जदार गरीब असून’ असे लिहिले आहे. स्वतःबद्दल लिहिताना ‘अर्जदार’ म्हणजे कोण तेच कळेना. मग लक्षात आले, की समोर माणूस नसल्याने मजकूर येत नाही. म्हणून मी खुर्ची बदलून समोरच्या बाकावर जाऊन बसलो, स्वतःचे म्हणणे थोडे बोललो, पुन्हा टेबलामागे येऊन ते लिहिले. असे चार-पाच वेळा केले. शेवटी सगळा खुलासा मोठ्याने वाचत होतो, तेव्हा जीपवाला चहाला आला होता.

“कोनाला वाचून दाखवून राहिलाव रायटर साहेब?”

“अर्जदाराला.”

“कुटं हाय अर्जदार?”

“मीच.”

त्याने आधी माझ्याकडे, मग रिकाम्या बाकाकडे पाहिले. “मग पटलं का त्याला?”

“दुसऱ्या पानावर थोडी हरकत आहे त्याची,” मी म्हणालो.

सुनावणीच्या दिवशी त्याने मला लातूरला नेले. पुढच्या सीटवर बसवले. “आज तुमी के,” तो म्हणाला. “पुढं बसा, पर आत गेल्यावर तोंड उघडू नका. कागदाला बोलू द्या.”

कार्यालयात लांब बाकावर कॉपीवाली मंडळी बसली होती. कोणाच्या मोज्यात चिठ्ठी निघाली होती, कोणी उत्तरपत्रिकेत ‘गुरुजी पास करा’ अशी विनंती लिहिली होती. त्या विनंतीची भाषा मी पाहिली. इतका दुबळा अर्ज फेटाळला गेला यात नवल नव्हते. तसे मी त्याला सांगितलेही, आणि सुधारून देण्याची तयारी दाखवली. पण तेवढ्यात माझा पुकारा झाला.

आत तिघे होते. मधल्या अधिकारी बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, माझी उत्तरपत्रिका पुढ्यात. डाव्या बाजूचे गृहस्थ चहा पीत होते.

“नाव, गाव, परवाना क्रमांक, शिक्का,” बाई म्हणाल्या. “परीक्षकांना ओळख पटावी म्हणून याहून जास्त काही करता आलं असतं का? फोटो तेवढा राहिला.”

मी जीपवाल्याचा सल्ला आठवून गप्प राहिलो. पण तिघे माझ्याकडे पाहत होते, आणि गप्प राहण्याची मला सवय नाही.

“मॅडम,” मी म्हणालो, “परीक्षक माझ्या ओळखीचे असते, तर मी तीस वर्षांपूर्वीच दहावी झालो असतो. आमच्याकडे नाव न टाकता कागद पाठवला तर लबाडी धरतात. तुमच्याकडे नाव टाकले की लबाडी. मी त्या मुलीचा अर्ज लिहीत होतो. माझा पेपर लिहितोय हे मी विसरलो.”

“कोणती मुलगी?”

“दिव्यांची तक्रार होती तिची.”

बाईंनी प्रश्नपत्रिका पाहिली, मग माझ्याकडे. “ती मुलगी खरी नाही हो.”

“ते मला शिक्का मारल्यावर समजले.”

उजव्या बाजूचे सदस्य म्हणाले, की हे सांगायला ठीक आहे, पण सवयीने झाले याला पुरावा काय? उद्या प्रत्येक जण हेच सांगेल. बाईंनी मान हलवली आणि माझा पाच पानी खुलासा वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर त्यांनी एक उसासा सोडला; तिथे मला स्वतःलाच हरकत होती, तेव्हा मी वाईट वाटून घेतले नाही. तिसरे पान. चौथे. पाचव्या पानाच्या तळाशी त्या थांबल्या. चष्मा वर केला. उत्तरपत्रिका ओढून खुलाशाशेजारी ठेवली आणि दोन्ही कागदांवर एकेक बोट टेकले.

“हे काय आहे?”

मी वाकून पाहिले. खुलाशाच्या शेवटी अर्जदार म्हणून माझी सही होती. त्याखाली ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’. त्याखाली ‘लिहिणार’, पुन्हा माझे नाव, परवाना क्रमांक, आणि जुन्या डब्यातल्या शाईचा गोल शिक्का. मी तो केव्हा मारला, ते आजही मला शपथेवर सांगता येणार नाही.

“कुणाला वाचून दाखवलं?” बाईंनी विचारले.

“मलाच.”

“आणि तुम्हाला बरोबर वाटलं?”

“हो. म्हणजे, दुसरे पान सोडून.”

डावीकडच्या गृहस्थांच्या नाकात चहा गेला. बाई हसल्या नाहीत, पण रुमालाने बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांनी विचारले, की आणखी कुठे कुठे असा शिक्का मारला आहे? मी लग्नपत्रिकेची हकिकत सांगितली. हकिकतीत उदगीरचे व्याही आले, तेव्हा उजवीकडच्या सदस्यांनीही पुरावा पुरे असल्याचे मान्य केले.

निर्णय असा झाला, की पत्राच्या प्रश्नाचे गुण रद्द करावेत व उर्वरित उत्तरपत्रिका तपासून निकाल द्यावा. “आणि पुढच्या वेळी परीक्षेला शिक्का आणू नका,” बाई म्हणाल्या.

“पुढची वेळच येऊ नये, एवढी विनंती आहे,” मी म्हणालो, आणि सवयीने हात खिशाकडे गेला. तिघेही एकदम म्हणाले, “नको, नको!”

आता खरी धाकधूक सुरू झाली. ज्या एका उत्तरात मी जिल्ह्यात कोणालाही हार गेलो नसतो, तेच उत्तर गेले होते. उरलेल्यावर पास व्हायचे, म्हणजे मेव्हण्यांवर, लग्न झालेल्या क्रियापदांवर आणि अहो कुत्र्यांवर माझा पत्रा टांगलेला. ज्या चौकटीला मी पोरकट म्हणालो होतो, तिच्याखेरीज माझ्या पदरी दुसरे काही नव्हते.

निकालाच्या दिवशी तो लॅपटॉपवाल्याच्याच लॅपटॉपवर पाहावा लागला. त्याने नंबर टाकला आणि स्क्रीन आधी स्वतःकडे वळवली, हे मी विसरणार नाही. मग चेहरा पाडून म्हणाला, “पास हाव तुमी. इंग्रजीत काठावर.” प्रिंट घेऊन मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि परवाना नूतनीकरणाचा आदेश काढण्यात आला. कोणाकडून काढण्यात आला हे त्यात नव्हते. पण त्याची गरजही नव्हती. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अभिनंदन रायटर साहेब.” मी म्हणालो, “काकाच ठीक आहे.”

जीपवाला गणितात राहिला. ऑक्टोबरला पुन्हा बसला. खिचडीवाल्या बाईला इंग्रजीत माझ्या जवळजवळ दुप्पट गुण मिळाले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्या टेबलावर आली. आशा ताईच्या जागेसाठी अर्ज लिहून हवा होता. मी नेहमीपेक्षा चांगला कागद घेतला आणि दीड पानात तिचे सगळे मांडले, दहावी उत्तीर्ण हे शब्द अधोरेखित करून. मग रीतीप्रमाणे घसा साफ करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार सविनय…”

“द्या इकडं,” ती म्हणाली आणि माझ्या हातातून कागद काढून घेतला.

“रीत आहे ती. मी वाचून दाखवतो, तुम्ही मान हलवायची.”

“मान लई हलवली. आता वाचते की मी.”

ती उभ्यानेच वाचू लागली, ओठ हलवत, मधूनच बोट ठेवत. नोटीस बोर्डाजवळचे दोघे-तिघे पाहत होते. एका ठिकाणी ती थांबली. “हे ‘गरीब असून’ काढा. नोकरी मागून राहिले मी, भीक न्हाई.” मी ते खोडले. तिने सही केली, पूर्ण नावाने, सासरच्या आणि माहेरच्याही.

मी ‘वाचून दाखविले’ असे लिहायला, निकालानंतर मंडळाकडून परत मिळालेले शिक्क्याचे पेन टेकवले आणि थांबलो. तसे लिहिले असते तर ते खोटे झाले असते, आणि सत्तावीस वर्षांत मी माझ्या नावावर खोटा शेरा टाकलेला नाही. थोडा विचार करून मी लिहिले: ‘अर्जदाराने स्वतः वाचले. दुरुस्ती केली. बरोबर आहे.’

मग पेन उलटे केले. तिने हळूच विचारले, “इथं मारलं तर चालतंय न्हवं? का पुन्ना लातूरला जावं लागंल?”

“इथे चालते,” मी म्हणालो, आणि शिक्का मारला.